लाईट न गेलेले दिवस

१४ सप्टेंबर, रविवार

चाळीस वर्षं व्यासपीठावरून बोललो. त्यामुळे कागदावरसुद्धा वाक्य संपलं की टाळीसाठी थांबतो. इथे थांबायचं नाही असं ठरवून ही वही उघडली आहे.

आज घरी गाडी आली. विजेवर चालणारी, निळी. रंग संघमित्राने निवडला, त्यावर चर्चा झाली नाही, होण्याचं कारणही नव्हतं. पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर म्हणून तिने उमेदीची सगळी वर्षं काढली. गेल्या महिन्यात निवृत्त झाली आणि हातात आलेल्या पैशांतून तिने ही गाडी घेतली. कारण एकच. महाडजवळच्या गावात तिची थोरली बहीण, राधाअक्का, एकटी राहते. अक्काच्या डोळ्यांत काचबिंदू आहे, आणि जेवढं दिसतंय तेवढंही फार दिवस टिकणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं आहे. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी तिला चढवत नाही. तिला एकदा चैत्यभूमी नीट पाहायची आहे. तरुणपणी सहा डिसेंबरला आली होती, पण तिच्याच शब्दांत, "मी नुसत्या पाठी बघितल्या."

"तुम्ही चालवायची, अक्काला घेऊन यायचं, आणि गर्दीच्या आधी तिला निवांत वंदन करू द्यायचं," संघमित्रा म्हणाली.

मी हो म्हटलं. घरात लायसन माझ्याकडेच आहे. विमा कर्मचाऱ्यांच्या युनियनची जीप मी चालवत असे. वरळीच्या शोरूमपासून लालबागपर्यंत गाडी मीच आणली. वाटेत तीन वेळा मला वाटलं की ती बंद पडली आहे. ती चालू होती. तिला आवाज नाही, हे मला अजून पटत नाही. आवाज नसलेल्या गोष्टींवर माझा पहिल्यापासून विश्वास कमी.

जेवताना बंगळुरूहून मुलाचा, अनिशचा फोन. "बाबा, या गाडीतून घराला वीज देता येते. लाईट गेली तरी तुमचं घर चालू."

मी घास हातात तसाच धरून उठलो. संघमित्रा म्हणाली, "आमटी निवतेय." पण माणसाच्या आयुष्यात काही वाक्यं अशी येतात की त्यानंतर आमटीकडे परत जाता येत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

घरची बॅटरीही बसवून घेतली. हॉलमध्ये पुस्तकांच्या कपाटाच्या जागी. पुस्तकं पलंगाखाली गेली. विचारवंतांना जमिनीवर झोपवून मी तिथे लोखंडी पेटी उभी केली, याचं क्षणभर वाईट वाटलं. पण त्यांनीच तर शिकवलं की विचार आचरणात आणा.

व्यवस्था साधी आहे. बाहेरची वीज गेली की घर आपोआप पेटीवर जातं. पेटी रिकामी झाली की गाडी घराला वीज देते. आमचं घर पहिल्या मजल्यावर, पार्किंगच्या बरोबर डोक्यावर. त्यामुळे गाडीची केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ खाली सोडता आली.

या उपक्रमाला मी 'स्वयंदीप प्रयोग' असं नाव दिलं आहे.

संघमित्राने विचारलं, "मग महाडला कधी जायचं?"

"व्यवस्था स्थिर होऊ दे."

२८ सप्टेंबर, रविवार

लाईट अजून गेलेली नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रमाकांत कर्णिक जिन्यात भेटले. आयुष्य कारकुनीत काढलेला गृहस्थ. बुटका, हसरा, कोणत्याही प्रश्नावर ठाम मत नसलेला. शेजारी म्हणून चांगला आहे, पण इतिहास अशा माणसांच्या कडेने जात असतो, पुढून कधीच नाही.

"गमरे, एक विचारू? आपल्याकडे लाईट जाते कधी?"

"मागे अर्धी मुंबई बंद पडली होती. विसरलात?"

"ती करोनात. मला आठवतं, कारण दुपारी मी पहिल्यांदा हिच्याशी गप्पा मारल्या."

मी जिन्यातच त्यांना समजावलं की ज्या समाजाला आपली वीज कुठून येते हे माहीत नाही त्याला आपला विचार कुठून येतो हेही माहीत नसतं. बोलता बोलता सहाव्या मजल्यावरची दोन माणसं थांबली. कर्णिकांच्या हातातली दुधाची पिशवी गळू लागली तरी ते हलले नाहीत. श्रोता म्हणून माणूस उत्तम आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

गुरुवारी अशोक विजयादशमी झाली. अक्काचा फोन होता. संघमित्राने स्पीकर चालू केला.

"काय गं, गाडी घेतलीस म्हणे. कधी येतेस?"

संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. मी अक्काला सविस्तर सांगितलं की सध्या गाडी जागची हलवणं अशक्य आहे. गाडी हा आपल्या घराचा पहारेकरी आहे. नेमके आपण बाहेर पडू त्या दिवशीच वीज जाईल, हा निसर्गाचा स्वभाव आहे.

अक्काने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लाईट तर आमच्याकडं रोजच जाते, भावजी. त्यात काय एवढं?"

ग्रामीण भागातल्या या सोशिकतेवर एक स्वतंत्र व्याख्यान देता येईल.

मात्र एक शंका इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. ज्या यंत्रणेची परीक्षाच होत नाही ती सज्ज आहे हे कसं कळणार? यावर मार्ग काढला आहे. उद्यापासून रोज सकाळी नऊ वाजता मी स्वतः मेन स्विच बंद करणार.

६ ऑक्टोबर, सोमवार

कवायत यशस्वी. मेन बंद केला आणि घरात काहीही झालं नाही. पंखा फिरत राहिला, फ्रीज गुरगुरत राहिला. संघमित्रा मिक्सरमध्ये खोबरं वाटत होती, तिला कळलंही नाही. मी सांगितल्यावर म्हणाली, "मग तुम्ही केलंत काय?"

क्रांती पूर्ण यशस्वी झाली की ती दिसत नाही. हे वाक्य जपून ठेवावं.

८ ऑक्टोबर, बुधवार

संघमित्राने पहाटे फिरायला जायला सुरुवात केली आहे. बरोबर कर्णिकांची मुलगी नम्रता असते, लोअर परळच्या एका ऑफिसात नोकरी करणारी, चुणचुणीत पोरगी. निवृत्तीनंतर माणसाने असं काहीतरी स्वतःचं शोधावं. आज परतली तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं आणि तळहात लाल झाले होते.

"हात का लाल?"

"घट्ट धरून चालावं लागतं सुरुवातीला," ती म्हणाली.

व्यायामाचे अनेक नवे प्रकार निघाले आहेत.

१२ ऑक्टोबर, रविवार

गंभीर प्रकार. काल झोपताना गाडीत शंभर टक्के चार्ज होता, सकाळी शहाण्णव. आदल्या दिवशीही असंच झालं होतं, तेव्हा मी थंडीला दोष दिला. मग आठवलं की हा ऑक्टोबर आहे आणि मी घामाने निथळतो आहे.

कोणीतरी आमची वीज चोरतं आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तपास सुरू केला. गाडीची पुढची सीट कोणीतरी स्टिअरिंगपर्यंत ओढली आहे. माझे गुडघेच आत मावेनात. आरसाही खाली झुकवलेला. म्हणजे चोर गाडीत आरामात बसून वीज काढतो, आणि तो उंचीने बेताचा आहे. साधारण संघमित्राएवढा असावा.

कर्णिक नेमके तेवढेच आहेत.

मी संघमित्राला ही शंका बोलून दाखवली. ती कोथिंबीर निवडत होती. तिने मान खाली घालूनच दोन काड्या मोडल्या. मग म्हणाली, "बिचाऱ्या कर्णिकांना विजेचं काय करायचंय?"

"चोराच्या घरी काय होतं ते चोराला विचारायचं असतं."

"आणि तो गाडीच चालवत असेल तर?"

तिची कल्पनाशक्ती अलीकडे चांगलीच फुलली आहे. चालण्याचा परिणाम. मी तिला समजावलं की चोरलेली गाडी कोणी परत आणून त्याच जागी लावत नाही.

"तेही खरंच," ती म्हणाली.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापळा लावला. केबल जिथे गाडीला जोडलेली असते तिथे पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली. सकाळी पाहतो तर दोरा जागेवर, चार्ज मात्र कमी. भिंग आणून पाहिलं. गाठ माझी नाही. माझी गाठ मासळीच्या पिशवीला मारतात तशी होती. ही बारीक, दुहेरी, दोन्ही टोकं एकाच मापाने कापलेली, अगदी टाके घालावेत तशी.

चोर सुशिक्षित आहे. या गोष्टीचं मला जास्त दुःख झालं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची सभा झाली. विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी आणि लिफ्टचं तेल हे दोनच विषय होते. ऐन वेळच्या विषयात मी उठलो.

मी कोणाचंही नाव घेतलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की ज्या लालबाग-परळच्या कामगाराने गिरणीचा भोंगा बंद झाल्यावरही मान खाली घातली नाही, त्याच्या नातवंडांच्या इमारतीत आज रोज चार टक्क्यांनी विश्वासाची चोरी होते आहे. अंधारात दुसऱ्याच्या गाडीत बसणाऱ्या त्या ठेंगण्या हाताला मी या व्यासपीठावरून विचारतो. व्यासपीठ नव्हतं, पण मी लिफ्टपुढच्या पायरीवर उभा होतो.

कर्णिक घाम पुसत होते. नम्रता खाली बघत होती. शेवटच्या रांगेत बसलेल्या संघमित्राला खोकल्याची अशी उबळ आली की ती तोंडावर पदर धरून बाहेर गेली. पाचव्या मजल्यावरचे शामराव, जे सभेत कायम झोपतात, ते टक्क जागे होते. माझ्या आजवरच्या भाषणांत एवढं लक्ष देऊन कोणी ऐकलेलं नाही.

गाडीवर पहाटेचा पहारा ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर. पहाऱ्यासाठी कोणी पुढे येईना, तेव्हा संघमित्रा दारातूनच म्हणाली, "मी आणि नम्रता करतो. नाहीतरी त्या वेळी आम्ही खालीच असतो."

सभेने टाळ्या वाजवल्या. लग्नाला छत्तीस वर्षं होत आली, पण आज मला ती पहिल्यांदा कार्यकर्ती वाटली.

२ नोव्हेंबर, रविवार

पहारा सुरू झाल्यापासून चोरी जवळजवळ तिप्पट झाली आहे. काल अकरा टक्के.

संघमित्राला विचारलं, "तुम्हाला कोणी दिसलं नाही?"

"आम्ही दोघी होतो ना गाडीपाशी. आमच्याशिवाय कोणी आलं नाही."

तिच्या शब्दावर मी कधी अविश्वास दाखवलेला नाही. मग वीज जाते कुठे? रात्री पलंगाखालून भौतिकशास्त्राचं पुस्तक काढलं. त्यात उत्तर नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संघमित्रा आणि नम्रता सकाळी ताडदेवला गेल्या. काहीतरी सरकारी काम होतं म्हणे. आल्या त्या पेढे घेऊन. कोणीतरी कसलीतरी परीक्षा पास झालं आहे. मी दोन पेढे घेतले. संघमित्रा समोर उभीच होती, मी काही विचारेन अशा अपेक्षेने. मी विचारलं, "वीज वाहून नेणाऱ्या तारेत पहाटेच्या दवाने गळती होऊ शकते का, तुझं काय मत?"

तिने पेढ्यांचा डबा बंद केला.

लाईट गेलेली नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मनात एक वाईट विचार आला. तो लिहितो, कारण इथे खोटं लिहून कोणाला फसवायचं. आपण वाट पाहतो आहोत ती अंधाराची. सकाळी उठलो की पहिल्यांदा दिव्याकडे पाहतो आणि तो लागला की माझा जीव खट्टू होतो. उजेडासाठी आयुष्यभर बोललेल्या माणसाचं हे काय झालं?

यावर उपाय म्हणजे प्रयोग लोकांपुढे नेणं. आपली चळवळ बंद खोलीत कधी वाढलेली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ठरलं. पुढच्या रविवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजता आमच्या घरी जाहीर प्रात्यक्षिक. विषय: 'विजेचं स्वराज्य'. वक्ता मीच. इमारतीतली सगळी घरं आणि वाचनालयातले जुने सहकारी, सर्वांना निमंत्रण. भर उजेडात दिव्याचं मोल कोणाला कळणार, म्हणून हॉलच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांना काळं कापड लावायचं. मेन बंद करायचा, आणि अंधार पडायच्या आत घर गाडीवर चालू.

संध्याकाळी संघमित्रा माझ्या शेजारी येऊन बसली. हात पुसत नव्हती, भाजी निवडत नव्हती, नुसती बसली.

"अक्काचा फोन होता. आता समोरच्या माणसाचा चेहरा कडेने जातो म्हणते. मधलंच दिसतं. सहा डिसेंबरच्या आधी आणायचं तिला. शेवटचं विचारते. जायचं?"

मला तिचं दुःख कळत होतं, हे मी इथे ठासून लिहितो. पण तीस तारीख तोंडावर होती. "कार्यक्रम होऊ दे," मी म्हटलं. "जानेवारीत बघू."

"बरं," ती म्हणाली.

एवढ्या शांतपणे तिने मान्य केलं की मला तिचा अभिमान वाटला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

उद्याच्या कार्यक्रमात तांत्रिक त्रुटी राहता कामा नये. सकाळी गाडीत ऐंशीच टक्के होते. बाहेरच्या विजेवर चार्ज करणं सोपं होतं, पण मग स्वराज्य कसलं? तेव्हा मेन बंद ठेवून घरच्या पेटीतली सगळी वीज मी गाडीत ओतली. संध्याकाळपर्यंत पेटी रिकामी आणि गाडी शंभर टक्के. पेटी आता उद्यानंतरच भरेन. उद्या घर निव्वळ गाडीवर चालेल, मध्ये कोणी नाही.

संघमित्रा बाजूला उभी राहून पाहत होती. तिने विचारलं, "पूर्ण भरली?"

"काठोकाठ."

"एवढ्यात महाडपर्यंत जाता येईल?"

"जाऊन पुन्हा अर्ध्या वाटेपर्यंत परत येशील," मी हसून म्हटलं. तीही हसली. बऱ्याच दिवसांनी.

३० नोव्हेंबर, रविवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

साडेनऊला मी गाडी पाहून आलो. जागेवर होती. दहाच्या सुमारास संघमित्राने पाहुण्यांसाठी चहाचा थर्मास भरून ठेवला, पोह्यांवर ताट झाकलं आणि "मी खाली आहे" म्हणाली. मी आरशासमोर प्रस्तावना म्हणत होतो. मान हलवली.

अकरापर्यंत हॉल भरला. काळ्या कापडामुळे नाट्यगृहासारखं वातावरण. मी अर्धा तास भूमिका मांडली, आणि "आपला दिवा आपल्या घरात" या वाक्यावर मेन खाली ओढला.

अंधार झाला.

यंत्रणेला क्षणभर लागतो, हे मला माहीत होतं. तो क्षण मी भाषणाने भरून काढला. अंधाराचा इतिहास सांगितला. तोही संपला. मग कापसाच्या गिरण्यांमधल्या पहिल्या दिव्यांपासून पुन्हा सुरुवात केली. पंखा थांबल्यावर माणसांच्या श्वासांचा आवाज येतो, हे मला आज कळलं.

"गमरे," अंधारातून कर्णिकांचा आवाज आला, "मेन वर करू?"

"मेनला हात लावायचा नाही."

"बरं. नाही, उकडतंय म्हणून म्हटलं."

"ज्यांनी तळी खुली करायला काठ्या खाल्ल्या त्यांना उकडत नव्हतं?"

"त्यांना उघड्यावर वारा तरी होता," शामराव म्हणाले.

कोणीतरी मोबाईलचा टॉर्च लावला. त्या उजेडात मी स्वयंपाकघरात गेलो, काळं कापड दूर केलं आणि केबल तपासायला ओढली. ती ओढली तशी वर आली. विहिरीतून रिकामा दोर यावा तशी हलकी. टोक कशालाही जोडलेलं नव्हतं. जमिनीवर लोळून मळू नये म्हणून कोणीतरी ते गुंडाळून दोऱ्याने नीट बांधलं होतं. बारीक, दुहेरी गाठ, दोन्ही टोकं एकाच मापाची.

मी खाली पाहिलं. गाडीच्या जागी चौकोनी कोरडी फरशी होती आणि तिच्यावर एक मांजर बसलं होतं.

"चोराने गाडीच नेली," मी म्हटलं.

मागे हॉलभर माणसं उभी होती. कर्णिकांनी घसा साफ केला. "वहिनी गेल्यात, गमरे. महाडला. आमची नम्रता शेजारी बसलीय, काळजी नको. ताडदेवच्या आरटीओत पहिल्या फटक्यात पास झाल्या त्या."

"कोण पास झालं?"

"पेढे खाल्लेत तुम्ही."

मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. पहाऱ्याच्या ठरावाला हात वर करणाऱ्या प्रत्येकाला. शामराव म्हणाले की रोज पहाटे ते गॅलरीतून तिचं मागे घेणं बघायचे, आता फार सफाई आली आहे. कर्णिकांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, "मला चोर म्हणालात तेव्हा ओठांवर आलं होतं हो. पण वहिनींना शब्द दिला होता."

एवढ्यात फोन वाजला.

"अहो, पनवेल मागे टाकलं. पोहे झाकलेत ना तसेच आहेत? गार झाले तर गरम करून वाढा."

"लाईट नाही," मी म्हटलं.

"मेन वर करा," ती म्हणाली. मागे नम्रता हसत होती.

कर्णिकांनी मेन वर केला. पंखा फिरू लागला आणि सगळे पोह्यांकडे वळले. आभार मानायचे राहून गेले.

१ डिसेंबर, सोमवार

दिवसभर घरात एकटा. पेटी भरायला लावली. भरताना तिला मंद गुणगुण असते. इतके दिवस मला ती प्रगतीची गुणगुण वाटत होती.

माझ्यावर अन्याय झाला का, याचा सर्व बाजूंनी विचार केला. मुद्दे काढायला बसलो. माझ्या बाजूचा पहिला मुद्दा लिहिताना आठवलं की गाडी तिच्या पैशांची आहे. दुसरा मुद्दा सुचला नाही.

सहा वाजता तिचा फोन. गावात काल दुपारपासून लाईट नाही. तिने गाडी अक्काच्या पडवीत लावली, जोडणीची जादा केबल इथून नेली होतीच, आणि अक्काचं सगळं घर चालू केलं. शेजारची माणसं मोबाईल चार्ज करायला येताहेत.

मी उभा राहिलो. "किती भार आहे? काय काय चालू आहे? आधी कोणता दिवा लावलास?"

"अहो, भाकऱ्या थापतेय मी. दिवा लावला, पंखा लावला, लागले."

"तिथे माणसं जमली आहेत ना? स्पीकर चालू कर. दोन शब्द बोलतो, या घटनेचं महत्त्व त्यांना—"

"त्यांना मालिका बघायचीय. ठेवते."

माझा प्रयोग यशस्वी झाला, आणि मी तिथे नव्हतो. मेन खाली करून थोडा वेळ अंधारात बसावंसं वाटलं. पण पेटी भरलेली असल्याने अंधार झाला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

काल दुपारी त्या आल्या. मी खाली उभा होतो. संघमित्राने गाडी एका दमात मागे घेऊन खांबांच्या मधोमध लावली. गॅलरीतून शामरावांनी अंगठा दाखवला. मी दार उघडून अक्काला हात दिला. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या नजरेच्या मधोमध आणला. "भावजी, वाळलात," म्हणाली.

संघमित्राशी काय बोलावं ते मी पाठ करून ठेवलं होतं. तिने गाडीची किल्ली खिळ्याला लावली आणि विचारलं, "जेवलात?" त्यात पाठ केलेलं बसेना.

आज सकाळी आम्ही दादरला निघालो. नम्रता ऑफिसला गेली होती. पुढे अक्का, मागे मी. मागच्या सीटवर बसून मी आयुष्यात प्रथमच संघमित्राची पाठ इतका वेळ पाहिली. सिग्नलला ती ओठ मिटते. परळच्या पुलावर एका टॅक्सीवाल्याने कट मारला तेव्हा तिने त्याला जे सुनावलं, ते माझ्या कोणत्याही भाषणापेक्षा नेमकं होतं.

शिवाजी पार्कात मंडप उभे राहत होते. गर्दी व्हायला अजून दोन-तीन दिवस होते. अक्का काठी टेकत आत गेली, वंदन केलं आणि स्तूपासमोर उभी राहिली. मान हळूहळू वळवत, एकेक तुकडा जोडल्यासारखं, वरपासून खालपर्यंत पाहत होती. मी पुढे झालो. या वास्तूबद्दल, त्या दिवसाबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार होतं. तिने माझ्याकडे न वळता हात वर केला.

"थांबा भावजी. बघू द्या."

मी थांबलो. ती पाहत होती तेवढा वेळ मी काहीही बोललो नाही. संघमित्राने नंतर सांगितलं की बराच वेळ होता तो.

मग मागे समुद्रावर जाऊन बसलो. ओहोटी होती. अक्का म्हणाली, "एवढा मोठा आहे होय. मला वाटलं माझ्या डोळ्यांत मावणार नाही, पण मावला."

दुपारी घरी परतलो, तर इमारतीच्या दारात कर्णिक, शामराव आणि चार-पाच जण आमचीच वाट पाहत उभे. कर्णिकांचा चेहरा एखाद्याच्या घरची वाईट बातमी सांगायची असावी तसा.

"गमरे, कसं सांगू? आज लाईट गेली होती."

"कुठे?"

"इथे. आपल्याकडे. तुम्ही निघालात आणि अर्ध्या तासात. रस्ता खणताना केबल तुटली म्हणे. अख्ख्या गल्लीची लाईट गेली. लिफ्ट, पंप, सगळं बंद. आत्ता आली." मग हळूच म्हणाले, "तुमच्या घरात मात्र पंखा चालू होता. खिडकीतून दिसत होता. आम्ही सगळे खाली उभे राहून बघत होतो. रिकाम्या घरात एकटाच फिरत होता बिचारा."

मी वर जाऊन पेटी पाहिली. यंत्रणेने तिचं काम चोख केलं होतं. साक्षीला कोणी नव्हतं, भाषण झालं नाही. पंखा बंद करायला विसरलो होतो, एवढाच माझा वाटा.

काल सवयीने पुन्हा सोडलेली केबल स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली लोंबत होती. खाली गाडीशी संघमित्रा तिचं टोक हातात धरून उभी. "लावायची का?" तिने वर पाहून विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. मी हो म्हटलं असतं तर तिने लावलीही असती.

अक्का अजून पुढच्या सीटवरच होती. पट्टा सोडलेला नव्हता. काच खाली करून ती म्हणाली, "गिरगावचा पण बघायचा राहिलाय ना गं समुद्र?"

मी केबल वर ओढून घेतली, गुंडाळली आणि खिडकीच्या गजाला दोऱ्याने बांधली. दोनदा सोडून पुन्हा बांधली. तिच्यासारखी गाठ येत नाही. खालून हॉर्न वाजला, एकदाच, आखूड. पंखा बंद केला आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो.